बहुधा इटालियन यंत्र

१२ डिसेंबर
आणलं एकदाचं. हरिहरेश्वरच्या एका बंद रिसॉर्टच्या मागे पडून होतं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, गवत कापायचं यंत्र. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, पण वजनावरून परदेशी वाटतं. लिफ्टच्या कंपनीत उभा जन्म गेला माझा, यंत्र बघताच कळतं. बिलिंगला होतो, पण बिलं यंत्रांचीच होती.

जयमालाचं म्हणणं, वणवे लागायच्या आत आंब्याच्या कलमांभोवती गवत कापून पट्टा मोकळा करायला हवा, शेजारच्या आवडाबाईला सांगू का? ती आणि वाडीतल्या बायका विळ्याने कापतात. मी नको म्हटलं. संक्रांतीच्या आत मी एकटा काढतो. कलमं हिने स्वतः लावली, पोरांसारखी जपली, यंदा पहिला मोहोर येणार. काळजी वाटणारच. म्हणून तर यंत्र.

१५ डिसेंबर
पार्ट मागवायचे तर आधी मॉडेल कळायला हवं. फोटो व्हॉट्सॲपवर टाकले. एकजण म्हणाला रोटाव्हेटर. एकाने विचारलं, भंगारात द्यायचंय का. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाच जणांनी न बघताच अभिनंदन केलं.

१९ डिसेंबर
बोर्ली पंचतन. कमलेशचं स्पेअर पार्टचं दुकान. त्याने विचारलं, कुठली कंपनी? म्हटलं, तेच तर तू सांगायचंस. त्याने फोटो आडवा-उभा करून बघितला आणि चहा मागवला. इटालियन असावं असं मी म्हणालो. तो नाही म्हणाला नाही. म्हणजे इटालियन.
पाती मिळाली नाहीत.

२८ डिसेंबर
पाती लोहाराकडून करून घेतली. आज जोडून बघितलं. एका बाजूचं गवत कापलं जातं, दुसऱ्या बाजूचं नुसतं आडवं होतं. दोन चकत्या एकमेकींच्या उलट फिरतात, आणि मी सगळी पाती एकाच अंगाची करून आणली. आडवं पडलेलं गवत कमी पेटत असेल का? वाचायला हवं.

४ जानेवारी
दुसऱ्या अंगाची पाती आली. काम सुरू! अंगणाएवढं कापलं आणि गवताखालचा जांभा दगड लागला. एक बोल्ट तुटला. कमलेश फोनवर म्हणाला, तो बोल्ट मुद्दाम नरम असतो, तुटण्यासाठीच असतो. विकणारे काहीही सांगतात. त्याच्याकडचा सगळ्यात कडक बोल्ट आणला.

५ जानेवारी
बोल्टला काही झालं नाही. गिअरबॉक्स फुटला.

११ जानेवारी
एका जागी बसवत नाही. जेवताना दोनदा उठून शेडमध्ये जाऊन आलो. गवत पार वाळलंय. जयमालाने पुन्हा आवडाबाईचं नाव काढलं. म्हटलं, फक्त एक गिअर हवाय, माझ्यावर विश्वास आहे ना? ती ताक आणायला आत गेली.

१६ जानेवारी
संक्रांत होऊन गेली. तसा मी अंदाजच सांगितला होता. उद्या गिअर शोधायला निघतो.

२० जानेवारी
श्रीवर्धन, म्हसळा, महाड, पनवेल. गिअर मिळाला! एक दात जास्त आहे. घासून बसेल.

२७ जानेवारी
वणवा लागला.

शेडमध्ये कानस चालवत होतो. धुराचा वास आला तो वरच्या अंगाने. धावलो. मनात एकच, हिची कलमं गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. वर वाडीतली माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग झोडत होती. आग कलमांच्या दिशेने आली आणि थांबली. पुढे तिला पेटवायला काही नव्हतंच. कलमांभोवती चांगला रुंद पट्टा कापलेला होता.

जयमाला डहाळी टाकून खाली बसली. म्हणाली, "तुम्ही पनवेलला होतात तेव्हा आम्ही बायकांनी कापला."

म्हणजे गेला आठवडाभर पट्टा समोर होता आणि मला दिसला नाही. कलमं मोहोराने भरलीत, तेही आज आगीच्या उजेडात पाहिलं. फार लाज वाटली.

२८ जानेवारी
आवडाबाईला मजुरी द्यायला निघालो. जयमालाने अडवलं. मजुरी नाही, कामाला काम. त्यांनी आपलं कापलं, आता आपण त्यांच्या डोंगरावरचं कापायचं. माझं नाव तिने आधीच सांगून ठेवलंय. हरकत नाही. कापण्याच्या तंत्राचा माझा आता बराच अभ्यास झालाय.

२९ जानेवारी
आवडाबाईच्या डोंगरावर. तासाभरात तळहाताला फोड. बायका कापत पार वर पोचल्या, जयमाला त्यांच्यात, मी खाली एकटा. आवडाबाई उतरून आली, मी कापलेलं बघितलं, माझ्या हातातला विळा काढून घेतला.

"भावजी, तुमचं काम न्हाय ह्ये. पान्याची कळशी तेवढी वर आना."

आणली. निम्मी वाटेत सांडली. बायकांनी उरलेली पुरवून पुरवून प्यायली.

उद्याही बोलावलंय. विळा आणू नका म्हणाल्या.