ढोल वाजतोय तोवर ऐकणाऱ्या बाई

३ मे १६६४, अबिंग्डन
पोहोचलो. घर नदीकाठी, जेवण झकास. स्वयंपाकीण थॉमसिन तोंडाची तिखट. बारा वर्षं पलटणीत ढोल बडवूनही कान शाबूत कसे, म्हणाली. म्हटलं, चार तंबूंपलीकडे फासे पडले तरी आकडा सांगतो.

धनीणबाई, मिसेस लॉकयर, ठार बहिऱ्या. पण जवळ ढोल वाजतोय तोवर सगळं लख्ख ऐकू येतं. नवऱ्याला बायकोशी बोलता यावं म्हणून माझी नेमणूक. ऑक्सफर्डचे डॉक्टर हा अजब आजार वहीत नोंदवताहेत. बाईंना काय काय ऐकू येतं ते रोज लिहीत जा, म्हणाले. चांभाराच्या पोरक्या पोराने विद्वानांसाठी लिहायचं! आई हवी होती बघायला.

९ मे
दुपारी जेवताना मी हलकेच वाजवतो, नवरा-बायको बोलतात. आज वाम मासा खारट झाल्यावरून जुंपली. बाई वरचढ ठरू लागल्या तसं धन्यांनी बोट वर केलं. मी थांबलो. भांडण तिथेच मिटलं. बाईंच्या तोंडावर मीच हात ठेवल्यासारखं वाटलं.

म्हणून धनी बाहेर गेले की मी बाईंसाठी वाजवतो. त्या खिडकीत बसून पाखरं ऐकतात.

२० मे
धनी लंडनला. मी वाजवत होतो, कुणी काही बोललं नव्हतं. बाई म्हणाल्या, हो, इथेच आहे तो. कोण, विचारलं. ढोलाच्या आत एकजण बोलतो म्हणे, वर्षानुवर्षं. हल्ली माझी चौकशी करतो. हसलो, लिहून ठेवलं.

१ जून
थॉमसिन मागून तीनदा ओरडली म्हणे. मला पत्ता नाही. कानाशी येऊन म्हणाली, "आता फासे ऐका, मोठे आलात."
ढोलाच्या काड्या घेऊन वाजवलं तर सगळं ऐकू आलं. नदी, थॉमसिनची बडबड. आणि तो.
अगदी जवळ. माझं नाव घेत होता.
बाईंना सांगितलं. त्यांनी माझे हात धरले, रडल्या. "म्हणजे मी वेडी नव्हते."

४ जून
ढोल माझ्या मांडीवर, गप्प. थॉमसिनच्या हातून भांडं पडलं असावं. मला नुसतं दिसलं.
बाईंनी मान वळवली.

६ जून
बाई दिवसभर बागेत. ढोलाशिवाय ऐकतात, गातात म्हणे. ओठ हलताना दिसतात. काड्या पुढे केल्या, माझ्यासाठी थोडं वाजवाल का — मागे सरकल्या. पुन्हा तो ऐकू आला तर, अशी भीती. रागावू कसं?

७ जून
धन्यांनी कागदावर लिहून दिलं: आता ढोलाची गरज नाही. ढोल कुलपात गेला. बहिरा ढोलवाला कोण ठेवणार?
डॉक्टरांचं पत्र: सुंदर नोंदी. लिहीत राहा.

८ जून
सगळे नदीवर गेले. खोलीत मी.
डाव्या मुठीनं टेबल बडवलं. चालतं. तेवढ्यापुरतं ऐकू येतं — पाखरं नाही आता. फक्त तोच.
म्हणतो, बाई गेल्या, तू तरी जाऊ नकोस.
लिहायला ठोके थांबवले की सगळं शांत. तो कुठवर आलाय कळत नाही. म्हणून चार ठोके, चार शब्द —
खुर्चीमागे.
विचारलं, काय हवंय. चार ठोके —
म्हणतो, उजवा हातही दे, लिहिण्यात वाया घालवू न