कॅमेऱ्याचं कार्ड मी नेलंय

चिमे,

आजपासून आपलं घर अभेद्य किल्ला! कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला, राउटरमधून बाहेर उघडणारी वाटही बंद केली. मागच्या दाराची कडी तेवढी लागत नाही.

सेटिंग चाळताना कळलं, कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं साठवतो. म्हणजे आई गेल्यापासून माझ्या दुपारच्या डुलक्या साठवायला तो तिला पुसतोय. तिचा शेवटचा एकच दिवस उरलाय. त्यात ती म्हणते, "अहो, त्या कॅमेऱ्यावर फडकं मारा, धूळ बसलीय." मी मारलं नव्हतं.

कार्डाची कॉपी करायला फोटोवाल्याकडे चाललोय. नवं किती जीबीचं आणू ते फोनवर सांग. माझा फोन दुकानभर ऐकू जातो, तेव्हा ओरडू नकोस.

– बाबा