तपकिरी रंगाचा डबा

मी, रंभाबाई चंदू बिऱ्हाडे, वय ६७, राहणार गोडादरा, सुरत, डोके ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगा धम्मरत्न याने आणून पाहिले, जमले नाही.

१. मागची खोली व स्वयंपाकघर धम्मरत्नला. पुढच्या खोलीत मी लूमवाल्यांच्या पोरांची बालवाडी चालवते, ती पोरांचीच राहील. तिथे एसटीडी बूथ टाकायचे त्याच्या फार मनात आहे. बूथ ओट्यावर टाकावा. गावाकडे फोन लागला की माणसे ओरडतातच, ते बाहेरच बरे.

२. सोनेरी शिक्क्याचे चित्रांचे पुस्तक बालवाडीला. त्याला मोठे बक्षीस मिळालेले आहे. त्यातली सगळी मुले गुलाबी, बाप आरामखुर्चीत, आई फुलांना पाणी घालते. काळे तिघेच: चोर, राक्षस आणि कावळा. गोष्टीचे नाटक बसवले तेव्हा कावळा कोणी व्हायचे यावरून पोरांत मारामारी झाली, कारण कावळ्याला निदान पोळी मिळते.

त्याच आठवड्यात माझी नात जागृती हिने स्वतःचे चित्र काढले आणि तोंड गुलाबी रंगवले. मी विचारले, "ही कोण गं?" म्हणाली, "मीच. पुस्तकात मुली अशाच असतात, आजी." मला फार लागले.

शेजारचा निंबा सुरतेजवळच्या सचिन गावी कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडून तपकिरी रंग मागवला. तो म्हणाला, "मावशी, हाऊ साडीना रंग शे, कागदवर पसरी जाई." मी ऐकते थोडीच! पुस्तकातल्या पोरांची तोंडे रंगवली, आणि पावसाळ्याच्या ओलीत रंग पानोपान उतरला. राजा, गाय, चांदोबा, सगळे आमच्यातले झाले. वाचनालयाने पुस्तक परत घेतले नाही, सबब ते माझ्या मालकीचे. सणांच्या पानावर भीमजयंतीची मिरवणूक नव्हती, ती मी चिकटवली आहे. कोणी उचकटू नये.

३. बक्षीस देणाऱ्या समितीला मी पत्र लिहिले होते. "चित्रे सर्व मुलांसाठी आहेत" एवढेच उत्तर आले. त्यांना माझ्या पेटीतला तपकिरी खडू पाठवावा. त्यांच्याकडे तो नसावा.

४. उरलेल्या रंगाचा डबा व ब्रश जागृतीला. कारण असे की, तिचे आजोबा वारले तेव्हा स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करताना त्यांना इतके गोरे केले की ती अजून विचारते, "भिंतीवरचे हे साहेब कोण?" जन्मभर मिलच्या बॉयलरवर राबलेला माणूस आपल्याच घरात परका झाला, याचे मला रोज वाईट वाटते.

माझा फोटो त्यांच्या शेजारी, एकाच चौकटीत लावावा. गोरा करू नये, असे स्टुडिओवाल्याला बजावावे. तरी त्याने केलाच, तर हार घालण्याआधी जागृतीने काच काढून मला रंगवावे. रंग पसरला तर पसरू द्यावा. आजोबांपर्यंत जाईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, निंबाला वाचून दाखवला आणि सही केली.

रंभाबाई चंदू बिऱ्हाडे
गोडादरा, सुरत. दि. १२ नोव्हेंबर १९९६

साक्षीदार:
१. निंबा उखा पाटील (रंग आणणारा)
२. सुभद्राबाई मगन सोनवणे (शेजारीण)