पटांगणातली ताजी भाजी

४ जून, सकाळी ६
संकल्प: वसाहतीमागच्या पटांगणात सर्वांची मिळून भाजीबाग. तरुण पिढी मोबाइलमधून मान वर काढेल. अध्यक्ष मीच; दुसरं आहे कोण? बॅटरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, मला चार वाफे काय जड जाणार. सूनबाईला कल्पना फार आवडली. तिला तिसरा महिना आहे. घरची ताजी भाजी पोटात जाईल. मुळात सगळं तिच्यासाठीच. (भाषणात घालणे.)

७ जून
बारा मुलं आली. शिट्टी वाजवून हजेरी घेतली. सहा जण तेवढ्यावरच घरी गेले. उरले ते खरे कार्यकर्ते. त्यातली एक चष्मिष, सायन्स कॉलेजची. इथे पूर्वी काय होतं, असं विचारत होती. मोकळी जागा, म्हटलं. खोटं नाही. कारखान्यातला काळा गाळ इथे टाकायचे तेव्हाही जागा मोकळीच होती. प्रत्येक गाडीच्या चिठ्ठीवर माझी सही असायची. पण त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या पावसाळ्यांत सगळं वाहून गेलं असणार.

१५ जून
चष्मिष म्हणते, माती तपासून घेऊ, कॉलेजात फुकट होईल. मी सांगितलं, आधी कमिटीचा ठराव हवा. कमिटी नाहीये. कमिटी स्थापन करणे. घाई नाही.

२९ जून
पालक उगवला. हिरवागार! खराब मातीत असा येतो का? मी तज्ज्ञ नाही, पण डोळे आहेत.

२० जुलै
पहिली तोडणी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिली जुडी मानाने सूनबाईला. जेवताना मी घेतली नाही. पालक मला बाधतो.

२ ऑगस्ट
मुळे निघाले, चांगले वीतभर. मी खाल्ले नाहीत, मुळ्याने गॅस होतो. सूनबाई मात्र रोज आवडीने खाते. डॉक्टरीणबाईंनीच तिला भरपूर भाजी खायला सांगितलंय. डॉक्टरांच्या कामात आपण लुडबुड करू नये.

११ ऑगस्ट
रात्री झोप लागली नाही. ॲसिडिटी. संकल्प: भाजी जरा कमी खा, असं सूनबाईला सांगणे. कारण सुचेल काहीतरी.

१२ ऑगस्ट
सांगायला गेलो. ती मुलांबरोबर खुरपत बसली होती. सगळी तिला ताई म्हणतात. कशावरून तरी खूप हसत होती. म्हटलं, रंगाचा बेरंग कशाला? उद्या.

१९ ऑगस्ट
चष्मिषने मला न विचारता माती नेली होती. कमिटीचा काही मानच नाही. रिपोर्ट आला: शिसं, मर्यादेच्या कितीतरी पट. मुलांनी सगळे वाफे उपटून पिशव्यांत भरले. शिट्टी न वाजवता बाराच्या बारा हजर होती. मुलगा सूनबाईला रक्त तपासायला घेऊन गेला. मी सगळ्यांना सांगितलं, मला काय माहीत.

२२ ऑगस्ट, दुपारी ४
सूनबाईच्या रक्तात शिसं निघालं. बाळाचं आताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मघाशी सूनबाई माझ्या खोलीत आली. खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"बाबा, बागेतली भाजी तुम्ही एकदाही खाल्ली नाहीत."

मी म्हटलं, पालक मला बाधतो आणि मुळ्याने गॅस होतो.

"लग्न होऊन आले तेव्हापासून रोज तुमच्या ताटात मुळा मीच चिरून वाढतेय," ती म्हणाली आणि दार हळूच ओढून घेऊन गेली.

संकल्प: मुलगा आला की दोघांना समोर बसवून सगळं नीट, मुद्देसूद सांगणे. मुद्दे आधी इथे लिहून काढणे.

पाऊण तास झाला. पहिलाच मुद्दा सुचत नाहीये.