पौषातल्या अकरा रात्री

मी, हैबतराव कुशाबा ढमाले, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी शाळामास्तर व हल्ली म्हातारपण, राहणार मौजे माले, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यास शंका असेल त्याने गेल्या बत्तीस वर्षांतील कोणत्याही महिन्याच्या रात्रीच्या थंडीची सरासरी मला विचारावी, वही न उघडता सांगेन. कोणी मला धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. चिरंजीवांनी मागच्या आठवड्यात ओसरीवर जो आरडाओरडा केला त्यास मी धाक समजत नाही.

घर आणि जमीन यांची वाटणी खाली केली आहे. पण कागद करण्याचे खरे कारण वेगळे आहे. मी रोज सकाळी टिपलेल्या थंडी-उष्णतेच्या आकड्यांचा तक्ता पुण्यात छापला जाणार असून त्याखाली माझे नाव येणार आहे. त्या तक्त्यात अकरा आकडे खोटे आहेत. ते मीच लिहिले. तक्ता छापण्यापूर्वी ते दुरुस्त झाले पाहिजेत. तरी आधी घराचे लिहितो, नाहीतर चिरंजीव पुढचे वाचणार नाहीत.

कलम १. माले येथील रस्त्याच्या वरच्या अंगाचे कौलारू घर मी नोकरीच्या पगारातून बांधले आहे. ते स्वकष्टार्जित असून त्यावर कोणाचा हक्क पोहोचत नाही. हे घर, परसासह व विहिरीसह, माझी मुलगी साळूबाई हिला मिळावे. अट एकच: परसातील पांढऱ्या पेटीतील उष्णतामापकाच्या नळ्या रोज सकाळी आठ वाजता पाहून आकडे वहीत लिहिले पाहिजेत. साळूनंतर घर त्यालाच मिळावे जो हे करील. तो आमच्या रक्ताचा असलाच पाहिजे असे नाही. त्याला आकडे वाचता आले पाहिजेत आणि सकाळी अंथरुणातून उठता आले पाहिजे.

कलम २. मुठा गावची दीड एकर जमीन, दोन्ही बैल आणि गाडी चिरंजीव कुशाबा यास द्यावी. त्याचे म्हणणे असे की घर मुलीला दिल्याने गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तो मला म्हणाला, "आबा, नळी बघून पोट भरतंय व्हय?" भरत नाही, हे खरे. पण एकोणीसशे एकोणीसच्या दिवाळीत याच गृहस्थाने दुपारची कमाल उष्णता दाखवणारी नळी मुठीत धरून शहाण्णव अंश फॅरनहाइटवर चढवली आणि मला हाक मारून दाखवली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप होता. त्या दिवसाची जागा वहीत रिकामी आहे. मी तेव्हा त्याला चार लोकांसमोर म्हणालो होतो, की कळत नसेल तर रिकामे सोडावे, पण मनचे लिहू नये. हे बोललेले माझे मलाच पुढे फार टोचले. का, ते कलम ६ मध्ये येईल. कुशाबावर माझा राग नाही. बैलांना त्याच्याइतके कोणी जपत नाही, म्हणून बैल त्याला.

कलम ३. पेटी, दोन नळ्या, पाऊस मोजण्याचे भांडे आणि सत्तावीस वह्या साळूबाईस द्याव्यात. पेटी झडपांची आहे, जमिनीपासून चार फूट उंच, दार उत्तरेकडे. तिच्यापासून तीस पावलांच्या आत चूल, गोठा किंवा भिंत उभी करू नये. तिला शेंदूर लावू नये. एकदा लावला होता, तो काढताना माझे दोन दिवस गेले. रात्रीची थंडी दाखवणाऱ्या नळीत पारा नसून मद्यार्क असतो. हे मी एकदा शाळेत समजावून सांगितले आणि तेव्हापासून मास्तर रोज सकाळी आठ वाजता दारू बघायला जातो, अशी ख्याती खोऱ्यात पसरली. ती पसरवणारे आता हयात नाहीत, सबब त्यांची नावे घेत नाही. नळी अजून आहे.

येथे साळूविषयी लिहिणे मला भाग आहे. धरणाचे काम सुरू झाले तेव्हा आमचे जुने गाव पाण्याखाली जाणार हे ठरले. पेटी उचलून माल्याला आणली असती तर बत्तीस वर्षांचे काम पंचवीस वर्षांवरच तुटले असते, कारण खोऱ्याच्या तळाशी रात्रीची थंडी साचते आणि इथे चढावर ती तेवढी राहत नाही. म्हणून मी इथे दुसरी पेटी उभी केली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे आकडे टिपले. इथले मी, तिथले साळूने. गाव रिकामे होत चालले होते. लोक म्हणत, "दुनिया जिमिनीसाठी रडतीया, आन् ढमाल्याची लेक काचंच्या नळीला राखन बसलीया." ती विधवा होऊन घरी आलेली, एकटी, आणि तिने दोन वर्षांत एक सकाळ चुकवली नाही. शेवटच्या दिवशी ती ओल्या लुगड्याने तीन कोस चालत आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "आबा, पानी गुडघ्याला लागलं व्हतं. नळी अडुसष्ट. पेटी सोडून आले, नळ्या आनल्या." दोन जागांतला फरक दीड अंशाचा निघाला, आणि माझी वही तुटली नाही. तक्ता छापणाऱ्या पुण्याच्या प्रोफेसरसाहेबांनी लिहिले की असे काम त्यांनी या जिल्ह्यात पाहिलेले नाही. मी ते पत्र साळूला तीनदा वाचून दाखवले. अभिमान वाटतो तर वाटतो म्हणावे.

कलम ४. हे सगळे कशासाठी, ते माझ्या नातवंडांसाठी लिहून ठेवतो. सूर्याचे ऊन हवेतून सरळ खाली येते आणि जमीन तापवते. जमीन ती उष्णता परत वर सोडते, पण ती डोळ्यांना न दिसणारी उष्णता असते, आणि हवेतील पाण्याची वाफ व कार्बोनिक आसिड वायू तिला अडवतात. हा वायू आपल्या श्वासातून निघतो, लाकूड-कोळसा जळाल्यावर निघतो. तो हवेत अगदी थोडा आहे, पण तो मुळीच नसता तर पृथ्वी फार थंड पडली असती. आता कारखाने आणि आगगाड्या खाणीतला कोळसा जाळून तो वाढवीत आहेत. स्वीडन देशातल्या एका रसायनशास्त्रज्ञाने गणित करून ठेवले आहे की तो दुप्पट झाला तर सगळ्या पृथ्वीची उष्णता पुष्कळ अंशांनी वाढेल, आणि रात्रीची थंडी दिवसाच्या उन्हापेक्षा जास्त कमी होईल. प्रोफेसरसाहेबांनी मला हे सांगितले तेव्हाच हेही सांगितले की बहुतेक विद्वान हे मानीत नाहीत. समुद्र तो वायू पिऊन टाकील असे त्यांना वाटते. कोण खरे, ते एका माणसाच्या आयुष्यात कळायचे नाही. बत्तीस वर्षे फार थोडी आहेत. शंभर वर्षांचे आकडे हवेत, एका जागेचे, न चुकवता घेतलेले. म्हणून घर पेटीला बांधले आहे. पेटी घराला नव्हे, हे कुशाबाने समजून घ्यावे.

कलम ५. वरील कलमातील गोष्ट समजावण्यासाठी मी जो दाखला देत आलो तो माझा नाही, तो ज्याचा त्याला परत करतो. प्रोफेसरसाहेबांनी मला ऊन आत घेऊन ऊब कोंडणाऱ्या काचेच्या घराचा दाखला दिला होता. आमच्या खोऱ्यात काचेचे घर कोणी पाहिलेले नाही. म्हसू जोतिबा मरगळे, राहणार धनगरवाडा, हा माझा लहानपणापासूनचा स्नेही. मी त्याला हे सांगू लागलो तेव्हा तो मेंढरांना पाणी पाजीत होता. तो म्हणाला, "ह्यात नवं काय मास्तर? आभाळ निवळ असंल त्या राती मी मेंढरं झाडाखाली घेतो. ढग असंल तर उघड्यावर बसवितो. ढग म्हंजी घोंगडं." मी म्हटले, हा वायू दिसत नाही. तो म्हणाला, "न दिसंना का. घोंगडं ऊब देत न्हाई, अंगाची ऊब जाऊ देत न्हाई. आन् एकावर दुसरं घातलं तर घाम फुटंल का न्हाई?"

हे मी पुण्याला पत्रात जसेच्या तसे लिहिले आणि म्हसूचे नाव लिहायचे राहिले. राहिले म्हणजे मी लिहिले नाही. प्रोफेसरसाहेबांनी ते आपल्या व्याख्यानात माझ्या नावाने सांगितले व मी गप्प बसलो. तक्त्याच्या प्रस्तावनेत तो दाखला येणार असेल तर म्हसूच्या नावाने यावा.

कलम ६. गेल्या वर्षी मार्च महिन्यात तक्ता छापण्याचे पत्र आले. प्रत्येक आकडा डोळ्यांनी पाहून लिहिला आहे, असा दाखला सहीनिशी पाठवावा, असे त्यात होते. मी त्याच दिवशी सही करून पाठवला आणि संध्याकाळी शाळेत गाव जमवून तक्ता मोठ्याने वाचला. एकोणीसशे सातचा जानेवारी वाचताना म्हसू मागून उठला. म्हणाला, "चंद्राबाय गेली त्योच पंधरवडा न्हवं? त्या टायमाला गवतावर दव पांढरं पडत व्हतं. माझी सात कोकरं आखडून मेली. तुमच्या वहीत ऊब कुटनं आली?"

मी त्याला सगळ्यांसमोर सांगितले की मेंढरे वळणाऱ्याने आकड्यांत तोंड घालू नये. त्याने काठी उचलली आणि तो गेला. चौदा महिने तो माझ्या दारात आला नाही. आणि तो खरे बोलला होता.

ता. ३ ते १३ जानेवारी १९०७ हे अकरा दिवस मी पेटी उघडली नाही. माझी पत्नी चंद्राबाई पौषातल्या त्या थंडीत तापाने पडली होती आणि तिने माझा हात धरून ठेवला होता. मला तो सोडवून घेता येईना. सोडवायचा नव्हता, असे लिहितो. पण माझ्या रोजच्या कामाची काळजी माझ्याहून तिला जास्त. आठ वाजले की तापाच्या ग्लानीतही विचारी, "नळी बघून आलासा?" मी म्हणे, आलो. "किती?" मी म्हणे, त्रेपन्न. कधी बावन्न, कधी चोपन्न. ती म्हणे, "मंग थंडी न्हाई म्हनायची. मलाच वाजतीया." खरा आकडा मला माहीत नव्हता, पण थंडी कडाक्याची होती हे अंगाला कळत होते. तिला जास्त गार वाटू नये म्हणून मी उबदार आकडे सांगितले. चौदा तारखेला सकाळी ती गेली, आणि त्या दिवसापासून मी पुन्हा आकडे चिठ्ठीवर टिपू लागलो. तेराव्यानंतर ते उतरवायला मी वही उघडली, तर त्याआधीच्या अकरा जागा रिकाम्या. त्या तशाच राहू द्यायच्या होत्या. पण मला वाटले, रिकाम्या ठेवल्या तर मी तिच्याशी शेवटचे अकरा दिवस खोटे बोललो असे होईल. म्हणून तिला सांगितलेले आकडे मी वहीत भरले. त्यानंतर वीस वर्षे मी स्वतःलाच पटवले की थंडी तेवढीच होती.

एका महिन्याने जग बुडत नाही, हे मला समजते. पण त्या जानेवारीची सरासरी माझ्या हाताने चार-पाच अंशांनी फुगली असेल. शंभर वर्षांनी कोणी विचारील की मुळशीच्या रात्री पूर्वीपेक्षा उबदार झाल्या का, तर माझ्या वहीतील ही ऊब आधीच आडवी उभी असेल. त्या वर्षी थंडी पडली होती, आणि ती पडली हे कोकरांवरून फक्त म्हसूच्या लक्षात राहिले होते.

कलम ७. सबब, या कागदाची नक्कल साळूने पुण्यास प्रोफेसरसाहेबांकडे पाठवावी. माझा दाखला रद्द समजावा. अकरा जागा तक्त्यात रिकाम्या छापाव्यात आणि खाली कारण छापावे, पूर्ण. दाखला खोटा ठरला म्हणून माझे नाव गाळायचे असेल तर गाळावे. माझ्या नावाचे अक्षर छापलेले पाहण्याची मला फार हौस होती, ती मी लपवीत नाही. पण बाकीच्या साडेअकरा हजारांवर सकाळी मी आणि माझ्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत; प्लेगाच्या सालात पाहिल्या, इन्फ्लुएन्झाच्या सालात पाहिल्या, आणि ते आकडे कोणीही यावे व तपासावे. त्यांच्यापुढे मान वर करूनच मी मरणार आहे.

मूळ वहीत त्या अकरा आकड्यांवर साळूने तांबड्या शाईची एकेक रेघ ओढावी. खरवडून काढू नयेत. रेघेखालून ते वाचता आले पाहिजेत. ती थंडीची नोंद नाही, आम्हा नवराबायकोचे बोलणे आहे.

कलम ८. या मृत्युपत्रास साक्षीदार म्हणून म्हसू असावा, अशी माझी इच्छा होती. त्यासाठी चार दिवसांपूर्वी मी स्वतः धनगरवाड्यावर गेलो. त्याने विचारले, "साक्ष कशाची?" मी म्हटले, मी खोटे लिहिले त्याची. तो म्हणाला, "मंग येतो." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे जाणकार सांगतात, म्हणून त्याच्या नावे इथे काही लिहिलेले नाही.

येणेप्रमाणे मी हा कागद साक्षीदारांसमक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, मला समजला, त्यांना समजला, व सर्वांसमोर खाली सही केली आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही व पुढे करण्याइतका उत्साह राहिलेला नाही.

मौजे माले, पेटा मुळशी. ता. ९ मे, सन १९२८.

सही: हैबतराव कुशाबा ढमाले, दस्तुरखुद्द

साक्षीदार:

१. सही: गेणबा धोंडिबा वाळंज, हल्ली शाळामास्तर, माले

२. निशाणी डाव्या हाताचा अंगठा: म्हसू जोतिबा मरगळे, धनगरवाडा

ता. क. अंगठा देण्यापूर्वी म्हसू जे बोलला ते त्याच्या सांगण्यावरून येथे लिहितो: "तवाच तुमी मला एक शबूद सांगायचा व्हता मास्तर. मला वाचाया येत न्हाई, पर ती नळी पेटीतनं उपटून तुमच्या हातात आनून दिली असती. तुमाला चंद्राबायजवळनं उठावं लागलं नसतं."

नळी तशी आणता येत नाही. हलवली की आकडा बिघडतो. हे मी त्याला सांगितलेले नाही.