उलटी बाजू आणि मामीचा गुडघा

चिरंजीव खारूताईस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझी नोकरी आणि रोज नव्या कारणाने भांडणारी तुझी घरमालकीण, तिघीही ठणठणीत असाव्यात. मी बरा आहे. सुईचं नेढं दिसत नाही, पण गिऱ्हाइकाचं वाकडं तोंड अजून लांबून दिसतं, म्हणजे धंद्यापुरती नजर शाबूत आहे. मामीच्या गुडघ्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचा संबंध थेट तुझ्या खोक्याशी आहे.

तू लिहिलंस की माळ्यावरचा माझा रेकॉर्डचा खोका पार्सलने पाठव, आणि बदल्यात त्या खोक्यातल्याच विलायती बँडची सगळी गाणी एकत्र केलेली एक मोठी रेकॉर्ड मी तुम्हा दोघांना देते, म्हणजे सारखं उठायला नको. तुझं मन मोठं आहे, पण अक्कल आईवर गेली आहे. (आईला हे पत्र दाखवू नकोस.) ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मामीला बजावलं होतं की चाला, नाहीतर गुडघा लाकूड होईल. मामीने पलंग धरला तो धरलाच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईला ती स्वतःच्या भावाच्या आजारपणाच्या गोष्टी सांगून वाटेला लावायची. मी गोडीत सांगितलं, आवाज चढवून सांगितलं; पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, पुढच्या खोलीत, दुकानात गोंगाट केला तर निदान भांडायला तरी उठेल. म्हणून तुझा खोका आणि प्लेअर खाली काढला.

आता सुई म्हटलं की माझा हात बसलेला, तेव्हा रेकॉर्ड प्लेअर तो काय! लावली पहिली रेकॉर्ड. आतून एक पडसं झालेला म्हातारा अतिशय दुःखाने काहीतरी सांगू लागला. एक ओळ संपायच्या आत माझी अख्खी बाही शिवून व्हायची. तरी मामी भिंतीला धरत दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘‘अहो, कोण हा? ह्याचं कोणी नाही वाटतं.’’ पंधरवडाभर आम्ही त्या म्हाताऱ्याचे सगळे सुस्कारे ऐकले. मामीला त्याचा असा लळा लागला की तो गाताना ती मला खोकूसुद्धा देईना. मग एकदा व्यायामवाल्या बाई आल्या, हसून हसून खुर्चीत बसल्या आणि त्यांनी प्लेअरचा एक खटका सरकवला. छोट्या रेकॉर्डला वेग जास्त लागतो म्हणे. म्हातारा गेला आणि त्याच्या जागी एक चिवचिवणारी पोरगी आली! मामी त्या बाईंवर अशी उखडली, की आमचा माणूस कुठे घालवलात?

पण पोरगी दोनच दिवसांत घरची झाली. काय गाते गं! सगळं बिनसलंय, बस चुकलीय, ज्याने यायचं तो आलेला नाही, आणि ही जणू कपडे वाळत घालता घालता शेजारणीला हसत सांगतेय. माझं इंग्रजी बटणांच्या डब्यांवर वाचून शिकलेलं, त्यामुळे तीनातला एक शब्द कळतो. उरलेले दोन मामी मनाने घालते. तिच्या मते सगळ्या गाण्यांतला तो न येणारा मुलगा एकच आहे आणि त्याला नोकरी नाही. मला कारागिरी आवडली. पाहता पाहता गाणं संपतं. रुमालासारखं, चार बाजू दुमडल्या की झालं, चिंधीएवढं कापड वाया नाही. आणि खरा शिंपी जसा अस्तरावरून ओळखावा, तसा हा बँड रेकॉर्डच्या उलट्या बाजूच्या गाण्यावरून ओळखावा. पुढे मिरवायचं गाणं, मागे जीव लावून केलेलं. (स्वतःच्या कपड्यांच्या बाबतीत मात्र आनंद आहे. कव्हरावर चौघं उभे आहेत, आणि चौघांत मिळून एक धड कॉलर नाही. स्वेटर तर थोरल्या भावाचे.)

असो. थंडी जपून सोस. घरमालकिणीला नमस्कार नको.

तुझा,
मामा

ता. क. खोका पाठवणार नाही. कारण सांगतो. त्या छोट्या रेकॉर्डला एका बाजूला एकच गाणं. ते संपलं की सुई खरखरते, आणि मी शिवणीच्या मध्यात असल्यामुळे मला उठता येत नाही. (खरं म्हणजे येतं.) मग मी हाक मारतो, ‘‘अगं, संपलं गं!’’ आणि मामी आतल्या खोलीतून कुरकुरत येते, रेकॉर्ड उलटते, परत जाते. डॉक्टर, बाई आणि मी जे करू शकलो नाही ते उलट्या बाजूने केलं. तुझ्या त्या मोठ्या रेकॉर्डवर एकेका बाजूला ढीगभर गाणी एका दमात वाजणार आणि मामी पुन्हा पलंगावर. तेव्हा ती तूच ऐक, तुझे गुडघे तरुण आहेत. मामीला ह्यातलं काही कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. खारू, मी मामी. हे पाकिटाला डिंक शोधायला गेलेत. गुडघा केव्हाच बरा झालाय गं; हे कापड आणायला गेले की मी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. ह्यांचं मशीन बंद असतं तेव्हाही ह्यांना ‘उठता येत नाही’, तेही मला दिसतं. पण लग्न झाल्यापासून दुकानातून हाक आली ती चहासाठी नाहीतर हरवलेल्या चष्म्यासाठी. आता दिवसभर गाण्यासाठी येते. खोक्याला हात लावलास तर तंगडी मोडीन.