उसनी जीभ

प्रिय मिरे,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, आणि एक जण तर अजून जन्मायचाय. बघ, ही बातमी शेवटपर्यंत राखायची असं ठरवून बसले होते, ती दुसऱ्याच वाक्यात सांडली. मला चौथा महिना लागलाय. आमचे मास्तर मैदानावर मुलांना पळवायचे सोडून हल्ली स्वतःच पळत सुटतात, असं त्यांच्या शाळेतले लोक सांगतात. इतक्या वर्षांनी, मिरे. आम्ही तर बाळासाठी राखलेली ती मागची खोली कधीच इस्त्रीची खोली करून टाकली होती.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते सलग सांगायला हवं. म्हणून वाइनच्या तळघराच्या वरच्या चाखायच्या खोलीत बसून लिहितेय. तीच खोली, तीच उत्तरेची मोठी खिडकी, तेच लांब मेज आणि त्यावरची पांढरी चादर. ग्लास पालथे घातलेत, कोरड्या पावाची टोपली भरलीय. खाली पिंपं धुताहेत, त्याचा आवाज वर येतोय. पिकदाणी तेवढी बदलली. आता स्टीलची आहे, आरशासारखी, त्यामुळे थुंकताना आपलंच तोंड दिसतं. तुझ्या वेळची तांब्याची मालकीणबाईंनी घरी नेऊन तिच्यात झाड लावलंय. झाड जोमात आहे म्हणे. इतकी वर्षं तिच्यात आपण काय काय ओतलं, ते वाया कसं जाईल?

दुसरी बातमी ऐक. आपले उस्ताद चाखणं सोडून कायमचे घरी बसले. शेवटच्या दिवशी त्यांनी कोणाची भाषणं ऐकून घेतली नाहीत, टोपी उचलली आणि 'पिंपांची झाकणं नीट लावा' एवढं बोलून निघाले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मला मेजाच्या टोकाला बसवलं. म्हणजे यंदाचं मिश्रण मी ठरवायचं. टेकडीवरच्या द्राक्षांची वाइन किती, नदीकाठची किती, कोणतं पिंप सरळ व्हिनेगरवाल्याला देऊन टाकायचं, सगळं माझ्या शब्दावर. या खुर्चीची वाट मी किती पाहिली हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? आणि त्याच आठवड्यात दवाखान्यातून ती बातमी आली. दुष्काळात तेरावा महिना असतो हे ऐकलं होतं. सुकाळातला तेरावा मी पहिल्यांदाच पाहिला.

दवाखान्यात काय झालं ते सांगते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामाला काय करता? मी म्हटलं, वाइन चाखते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईने समजावलं की आम्ही पीत नाही, तोंडात घोळवतो आणि थुंकतो, दिवसाला तीस-चाळीस ग्लास. हा आकडा ऐकून त्यांनी चष्माही काढला. पण बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, थुंकलं तरी थोडी पोटात जातेच, थोडी तोंडातूनच अंगात शिरते. मी विचारलं, मग अधूनमधून एखादा घोट? सणावाराला, कामापुरता? तेव्हा त्या म्हणाल्या, "किती चालते हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून आम्ही एकच आकडा सांगतो, शून्य." आणि कळायच्या आधी जे झालं ते मनातून काढून टाका, त्यावर झोप घालवू नका, असंही म्हणाल्या.

बाहेर आले तर जो तो डॉक्टर. सासूबाईंचं म्हणणं, थेंबभरसुद्धा नको, आणि आंबटही नको, जिनेही नकोत. शेजारीण म्हणाली, तिच्या बहिणीने नऊ महिने रोज जेवताना अर्धा ग्लास घेतला आणि तिचा मुलगा आज इंजिनिअर आहे. इंजिनिअर झाला तो वाइनमुळे की वाइन असूनही, हे मात्र तिला सांगता येईना. मास्तर एवढे बोलके, पण या एका गोष्टीवर मूग गिळून बसले. मी चिडले तेव्हा म्हणाले, मी हो म्हटलं तर सल्ला होईल आणि नाही म्हटलं तर हुकूम, म्हणून मी दोन्ही म्हणत नाही.

मग मी सर्दीचं सोंग घेतलं. चाखणाऱ्याला सर्दी होणं म्हणजे गवयाचा आवाज बसणं, तुला माहीत आहे. तळघरभर सुतक. पिंपवाल्यांनी वाफेचं यंत्र आणून दिलं, हिशेबनीसांनी आल्याच्या वड्या दिल्या, मालकीणबाई स्वतः येऊन कपाळाला हात लावून गेल्या. आणि गंमत अशी की नाक माझं त्या दिवसांत जन्मात नव्हतं इतकं तिखट झालं होतं. जिन्यात पाऊल टाकलं की खालच्या मजल्यावर कोण बूट पॉलिश करतोय ते कळायचं. मास्तरांच्या शिटीच्या दोरीचा वास मला स्वयंपाकघरात यायचा. एवढं नाक घेऊन मी रुमालात तोंड खुपसून 'सर्दी आहे हो' करत फिरत होते.

एकदा मोह झाला, खोटं कशाला बोलू. मागच्या कोपऱ्यातल्या पिंपातला नमुना काढला होता. टेकडीवरची वाइन, दोन वर्षं मुरलेली. खोलीत मी एकटी. ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि मिरे, काय सांगू. पावसाने भिजलेलं लाकूड, काळी बोरं, आणि मागून हळूच काहीतरी गरम. ते गरम नेमकं काय आहे हे जिभेलाच कळणार होतं. ग्लास ओठांपर्यंत आला. एक घोट घेतला असता तर कदाचित काहीच बिघडलं नसतं. पण त्या 'कदाचित'ला उशाशी घेऊन मला उरलेले महिने झोपायचं होतं. आणि 'काही बिघडणार नाही ना?' असं सारखी मनाला विचारत राहिले असते तर त्या वाइनची चव तरी काय लागली असती? मी ग्लास खाली ठेवला. ठेवला आणि इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. शून्य म्हणजे शून्य. ठरलं. त्या दिवसापासून या बाबतीत मला कोणाचाच सल्ला टोचत नाही.

ठरलं खरं, पण खुर्चीचं काय? मिश्रण तर जिभेशिवाय होत नाही. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की माझी जीभ घे. संध्याकाळी जेवायच्या मेजावर मी पाच नमुने मांडले. मी वास घ्यायचा, त्यांनी चाखून सांगायचं. पहिला नमुना: "ओल्या चपलेसारखी." दुसरा: "आपल्या जुन्या घरमालकासारखी. आधी गोड, मग आंबट." तिसऱ्याला बराच वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं, लागला सूर. डोळे उघडून म्हणाले, "ही लाल आहे." पाचव्यापर्यंत थुंकायचं विसरून दोन नमुने गिळून झाले होते आणि मग त्यांनी होणाऱ्या बाळाला उद्देशून खो-खोचे नियम समजावून सांगितले. मी हसून हसून पोट धरलं, हल्ली ते धरण्याजोगं झालंही आहे. पण त्या हसण्यात मला एक गोष्ट कळली. दुसऱ्याच्या जिभेने काम होऊ शकतं. फक्त ती जीभ मला पाठ असायला हवी.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंकडे गेले आणि सर्दी खोटी, बाळ खरं, असं सांगून टाकलं. बाई उठून आल्या, गालावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, थुंकायचं की, त्यात काय एवढं, माझी आई रोज जेवताना एक ग्लास घ्यायची, मी काय वाईट निघाले? हिशेबनीस तिथेच होते, त्यांनी मान खाली घालून कागद चाळायला सुरुवात केली. मी सांगितलं, थेंबही नाही. तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि धंद्याचं बोलायला लागल्या. दोन आठवड्यांत मिश्रण ठरलं पाहिजे, बाटल्यांची गाडी थांबणार नाही. पलीकडच्या तळघरातला तो टायवाला चाखणारा रिकामा आहे, त्याला बोलवू, तू घरी आराम कर. टायवाला, मिरे. तो एकदा मेजाच्या टोकाला बसला की त्याला उठवायला क्रेन लागेल.

मी म्हटलं, "नाक माझं, निर्णय माझा, जीभ उसनी. खुर्ची मी सोडणार नाही." असं मी बोलू शकते हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. बाईंनी विचारलं, कोणाची जीभ? मी नाव सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ती येईल?"

तर हे असं आहे. तुझी थोरली पोटात होती तेव्हा याच खोलीत तू सांगितलंस की मी एक घोटही घेणार नाही, आणि उस्ताद म्हणाले, मग मेजावर तुझं काय काम? तू पाव खाल्लास, हात धुतलेस आणि गेलीस. आता ती पोरगी सायकल हाणते आणि तू वाचनालयात बसून लोकांना सांगतेस की पुस्तकं बरी, चाखून थुंकावी लागत नाहीत. पण दरवर्षी आमची बाटली बाजारात आली की आठवड्याच्या आत तुझा फोन येतो. यंदा घाई केलीत. यंदा पिंपाचं लाकूड जास्त उतरलं. नदीकाठची एवढी कशाला ओतलीत? आणि दरवर्षी तुझं खरं असतं. उस्तादांनासुद्धा पटायचं, ते मला हळूच विचारायचे, ती काय म्हणाली? जीभ गंजली असेल असं मला सांगू नकोस.

टायवाल्याची जीभ चांगली असेल, पण ती मला वाचता येत नाही. तुझी येते. तुला जिथे मिरी लागते तिथे मला लवंग लागते. तू 'बरी आहे' म्हणालीस म्हणजे उत्तम, आणि 'छान आहे' म्हणालीस म्हणजे व्हिनेगरवाल्याला फोन करायचा. तुझ्या तोंडातून मी माझी चव अचूक काढू शकते. मी वास घेऊन कुठे शोधायचं ते सांगेन, तू चाखून काय सापडलं ते सांग, मग यथेच्छ भांडू. त्या कोपऱ्यातल्या पिंपातलं ते गरम काय आहे, हे मला तुझ्याकडूनच ऐकायचंय.

बाईंशी सगळं बोलून घेतलंय. पाहुणी म्हणून नाही, मेजावरचं माणूस म्हणून ये. दोन आठवड्यांपुरतं नाही. मी बाळंतपणाला जाईन तेव्हा टोकाला तू बस, आणि मी परत आले की शेजारी शेजारी बसू. मग पुन्हा कोणाला दिवस गेले तर एकीची जीभ आणि दुसरीचं नाक, पण मेज सोडून कोणी जायचं नाही. हे त्या वेळी कोणाला सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. आता सुचलंय, तर त्याचा उपयोग करू. मालकीणबाईंना सोमवारपर्यंत उत्तर हवंय. हो म्हणायचं असेल तर नुसता फोन कर, दोन शब्द पुरेत. नाही म्हणायचं असेल तर मात्र इथे येऊन, या मेजाशी बसून, माझ्या तोंडावर सांग.

तुझ्या जिभेवर डोळा ठेवून बसलेली,
तुझीच
लवंग